घरचं माणूस मागे

आमच्या गाडीत बसण्याचा एक नियम होता, आणि तो पप्पांनी कधी बोलून दाखवला नव्हता. भाडं देणारं माणूस मधल्या सीटवर, घरचं माणूस मागे. पप्पा आमच्या अथाल गावातल्या बायकांना पहिल्या पाळीला गलोंड्याच्या कारखान्यात सोडतात आणि सुटल्यावर घेऊन येतात. आई त्याच कारखान्यात पॅकिंगला आहे. पण ड्रायव्हरची बायको म्हणून ती मागच्या दाराने चढायची आणि आडव्या बाकावर बसायची. तिच्या समोरच्या बाकावर आमच्या शेजारच्या काकू, भाडं देत असूनही गप्पांसाठी तिथेच. नियमातून सुटका फक्त माझी. मी पुढे, पप्पांच्या शेजारी, कारण मला वाटेत सिल्वासाला कॉलेजपाशी उतरायचं असतं आणि पुढे बसून वाचता येतं, असं पप्पांचं मत.

गाडी जुनी झाली होती. वापी रोडवरच्या शोरूममध्ये कळलं की आमच्याच गाडीचं मॉडेल आता बंद होतंय, शेवटच्या दोनच गाड्या उरल्यात, आणि त्याच नावाची नवी, बदललेली गाडी आलीय. घरी येऊन पप्पा मला म्हणाले, "तू सांग कोणती घ्यायची."

मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे मिक्सरपासून औषधापर्यंत सगळं मला विचारतात. गाडीतलं मला काय कळतं, हे कोणी विचारत नाही. मी मोबाइलवर दोन्ही गाड्यांची माहिती वाचत बसले. नवीत सगळ्या सीटा पुढे तोंड करून, प्रत्येकीला पट्टा, एअरबॅगही जास्त. जुनीच्या मागच्या बाकाला पट्टाच नाही. वाटेतल्या नदीच्या पुलाअलीकडच्या गतिरोधकावर पप्पा ब्रेक मारतात तेव्हा आई वरचा दांडा धरते, ते मला आठवलं. मी म्हटलं, "नवी घेऊ या. बहुतेक."

"बहुतेक काय? गाडी आहे ती." पप्पा हसले. मग म्हणाले, "रविवारी सगळ्यांनाच नेतो. बसणार त्या, विचारायला नको?"

असे आम्ही शोरूममध्ये गेलो. सगळ्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आलेल्या. विक्रेत्या मुलाला कळेना की ग्राहक नेमकं कोण. तो सगळ्यांना बसवत गुजरातीत "मॅडम, बेसो ने, बेसो" म्हणत राहिला. बायका नव्या गाडीत आपापल्या जागेवर बसायला गेल्या. आई सवयीने मागे गेली, तर मागचं दार वर उघडलं आणि आत नुसती सामानाची जागा.

"मॅडम, पीछे से नहीं. बीच की सीट मोडके."

म्हणजे मधली सीट दुमडायची, वाकायचं, एक पाय आत टाकून दुसरा ओढून घ्यायचा. पाळीभर उभं राहून आईचा उजवा गुडघा वर्षभरापासून नीट वाकत नाही. असंच राहिलं तर काम सोडावं लागेल, असं ती हल्ली म्हणायची, आणि ते काम तिला सोडायचं नव्हतं. आई आत गेली. बसली. बाहेर यायला मात्र वेळ लागला. काकूंनी हात दिला तेव्हा ती उतरली.

"जमतंय," आई म्हणाली.

"काय जमतंय व?" काकू म्हणाल्या. "म्हैस गोठ्यात घालावी तशी गेली तू. रोज दोनदा करशील हे?"

"नवीच घ्या. पोरीने एवढं वाचून सांगितलंय," आई पप्पांना म्हणाली.

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. शेजारी जुन्या मॉडेलची गाडी उभी होती, मागे पायरी असलेली. तिच्यात आई सहज चढली असती. मी त्या पायरीकडे पाहिलं. मग म्हटलं, "नवीच घेऊ. पण आई पुढे बसेल."

"वेडी का काय? ड्रायव्हरची बायको पुढे आणि भाडं देणाऱ्या मागे? कारखान्याच्या गेटवर हसतील लोक," आई म्हणाली.

"हसू दे," काकू म्हणाल्या. "आम्हाला कुठे पुढे बसायची हौस? भाऊंचं गाणं कोण ऐकेल जवळून?"

गाडी चालवताना गाणाऱ्या पप्पांकडे बघून बायका हसल्या. पप्पांनी विचारलं, "आणि तू?"

"मी मागे. काकूंजवळ."

"मागे वाचता येणार नाही."

"नाही वाचणार."

गाडी आली त्या सोमवारी आई पुन्हा सवयीने मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली. पप्पांनी हॉर्न दिला, तेव्हा ती पुढे आली आणि डब्याची पिशवी मांडीवर घेऊन पाहुण्यासारखी सीटच्या कडेवर बसली. आता नीट बसते. परतीच्या वाटेवर काकू आणि ती समोरासमोर बसून मेथी निवडायच्या, ते मात्र बंद झालं. पुढून बोललेलं मागे नीट ऐकू येत नाही. मी योग्य तेच सांगितलं का, हे मला अजून पक्कं ठाऊक नाही.

कॉलेजच्या गेटपाशी मला उतरायचं तर मधल्या बायकांना आधी उतरावं लागतं. "उतरा व, कॉलेजवालीला वाट द्या," काकू मागून ओरडतात. वर्गातल्या मुली बघतात. मी सीट दुमडते, वाकते, एक पाय बाहेर काढून दुसरा ओढून घेते. पुढच्या सीटवरून आई मान वळवून बघत असते, मी नीट उतरले की नाही ते.