वाडीच्या खोलीतले चार परीक्षार्थी

नोकरी करता करता परीक्षा देणाऱ्या माणसांजवळ मार्क कमी आणि किस्से जास्त असतात. कॉलेजातली पोरं अभ्यास करतात, पास होतात आणि विसरून जातात. आमचं तसं नव्हतं. आठवडाभर ऑफिस, घर, पोरंबाळं, आणि रविवारी अभ्यास. अभ्यासातलं आता काही विचाराल तर अर्धंही सांगता येणार नाही. किस्से मात्र झोपेतून उठवलं तरी सांगीन, आणि मध्येच कोणी थांबवलं तर रागावीन.

गोष्ट सत्तर-पंचाहत्तरच्या सुमाराची. आमच्या बांधकाम खात्यात फर्मान निघालं की ओव्हरसियरला इंजिनियरची जागा हवी असेल तर कामाच्या नियोजनाची परीक्षा पास करावी लागेल. धरण असो की पूल, कोणतं काम आधी, कोणतं नंतर, कुठे अडलं तर सगळंच अडेल, हे गोल आणि बाण काढून दाखवायचं. त्याला म्हणायचं नेटवर्क. परीक्षेला तीनदा बसता येत होतं. तिसऱ्यांदा नापास झालात की जन्मभर ओव्हरसियर.

आम्ही चौघं होतो. धरमपेठेतला जोशी, काटोलकडचा वानखडे, खात्यातली एकुलती एक बाई ओव्हरसियर म्हणजे मी, आणि आमच्या सगळ्यांचे मेश्रामभाऊ. आम्ही तिघं पहिल्यांदाच बसत होतो. भाऊंची ही तिसरी खेप होती. शहराच्या टोकाला, वाडीला, ट्रान्सपोर्टच्या गोडाउनवर त्यांची भाड्याची खोली होती. दर रविवारी तिथे जमायचं.

* * *

मोठं नेटवर्क कागदावर मावेना. भाऊ म्हणाले, "खाली गोडाउन रिकामं आहे, चला." खडू घेऊन आम्ही एका पुलाचं अख्खं काम त्या फरशीवर काढलं. गोल, बाण, पुन्हा गोल. संध्याकाळ झाली, पुसायचं राहून गेलं.

सोमवारी सकाळी ट्रक लागला. हमाल पोती पाठीवर घेऊन उभे, आणि पाय टाकायची कोणाची हिंमत होईना. त्यांच्यातला एक म्हातारा वर आला आणि भाऊंना विचारू लागला, "साहेब, पोते गोलावर ठेवाचे का बाणावर?"

भाऊ अंघोळीच्या घाईत होते, पण शिकवायची हौस दांडगी. म्हणाले, "हे पाहा बाबा, बाण म्हणजे काम. गोल म्हणजे एक काम संपलं, दुसरं सुरू व्हाचं आहे. गोलावर काही कराचंच नसते."

म्हातारा म्हणाला, "मंग मले गोलावरच उभा करा ना."

* * *

पेपर इंग्रजीत लिहायचा होता. पाचपैकी चार प्रश्न मला येत होते, पण इंग्रजीत ते मला ओळखत नव्हते. वानखडेची अवस्था तर माझ्याहून बिकट. मग भाऊंनी नियम काढला की दुपारच्या चहापर्यंत जो बोलेल तो फक्त इंग्रजीत बोलेल.

जोशीला वाटलं आता आपलं राज्य. त्याने एक वाक्य टाकलं. उत्तर द्यायला कोणीच तयार नाही म्हटल्यावर तोही गप्प झाला. खोलीत अशी शांतता पसरली की मेश्रामवहिनी दोनदा डोकावून गेल्या. शेवटी चहा घेऊन आल्या आणि भाऊंच्या कानाशी लागून म्हणाल्या, "भांडण झालं का जी?"

त्या एका दुपारी जेवढा अभ्यास झाला तेवढा अख्ख्या वर्षात झाला नाही.

* * *

नेटवर्कमध्ये फ्लोट नावाची एक चीज असते. एखादं काम जरा उशिरा केलं तरी एकूण कामाला धक्का लागत नाही, ती मोकळीक म्हणजे फ्लोट. जोशीला अख्ख्या पुस्तकात हे एकच प्रकरण मनापासून आवडलं. धरमपेठेहून सायकलवर यायचा, दर रविवारी उशिरा, आणि काही म्हटलं की, "मला फ्लोट आहे."

एका रविवारी आम्ही जेवून हात धुतले तेव्हा साहेब उगवले. वहिनींनी झुणका-भाकर केली होती. हे आपले निवांत पाट ओढून बसले. वहिनी दारातूनच म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाले फ्लोट आहे, पण भाकरीले नाही. थे वानखडेभाऊजीच्या पोटात गेली."

वहिनी चौथीपर्यंत शिकलेल्या. आमची व्याख्या ऐकून ऐकून त्यांना पाठ झाली होती. जोशी पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी हजर.

* * *

माझं घर प्रतापनगरात. तेव्हा तिकडे घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त, त्यामुळे कोणाकडे काय चाललं आहे ते सगळ्यांना दिसायचं. सून रविवारी नवऱ्याला आणि पोरीला घरी ठेवून कुठे जाते, हा प्रश्न आमच्या ओळीतल्या बायकांना फार छळत होता. मला कोणी विचारलं नाही. सासूबाईंना विचारलं.

सासूबाई ताठ मानेने म्हणाल्या, "साहेबाची परीक्षा देऊन राहिली ते."

"असं काय शिकून राहिली वं?"

"कोणतं काम कधी संपन, थे आधीच सांगता येते."

शेजारीण लगेच म्हणाली, "मंग आपल्या समोरची नाली कधी होईन, विचारून पाह्य ना तिले."

सासूबाई क्षणभरही थांबल्या नाहीत. "नालीचा पेपर पुढच्या साली आहे, बाई."

मी आत पोळ्या लाटत होते. माझ्या सासूने माझ्यासाठी ठोकलेली ती थाप ऐकून मला जो अभिमान वाटला तो नंतर सर्टिफिकेट पाहूनही वाटला नाही.

* * *

मेश्रामभाऊंचे वडील गिरणीत होते. छप्पन्न साली दीक्षा घेतली त्या दिवशीच त्यांनी ठरवलं होतं की पोरगा इंजिनियर होईल. पोरगा ओव्हरसियर झाला, पण बाबांनी वस्तीत इंजिनियर म्हणूनच सांगायला सुरुवात केली. भाऊ वस्तीत गेले की चारचौघांत हाक यायची, "या इंजिनियर." दोनदा नापास झाल्यावर भाऊंना ती हाक फार लागायची. आमच्याजवळ बोलून दाखवत. एकदा बाबा वाडीला आले होते तेव्हा आमच्यासमोरच भाऊ म्हणाले, "बाबा, नका म्हणत जाऊ गा तसं. मी अजून झालो नाही."

बाबा तंबाखू मळता मळता म्हणाले, "मी टायमावर म्हणून राहिलो. तू उशीर करून राहिला, त्यात माही काय चूक?"

आम्ही हसलो. भाऊ हसले नाहीत. त्या दिवशी मला कळलं की आम्ही तिघं परीक्षेला बसतो आहोत आणि या माणसाचा जीव टांगणीला लागला आहे.

* * *

आणि आता परीक्षा. पेपर संपला, आम्ही बाहेर झाडाखाली जमलो. सगळ्यात जास्त मार्कांचा प्रश्न नेटवर्कचा होता. मी उत्तर काढलं होतं, जोशीने काढलं होतं, वानखडेनेही काढलं होतं. तिघांची तीन उत्तरं. आम्ही भाऊंकडे पाहिलं.

भाऊ म्हणाले, "त्याचं उत्तरच निघत नाही. पाया झाल्याबिगर भिंत नाही, भिंत झाल्याबिगर स्लॅब नाही, अन् स्लॅब झाल्याबिगर पाया नाही, असं देलं आहे त्याच्यात. गोल गोल फिरत राहते थे काम. सुरूच नाही होत."

आम्ही प्रश्नपत्रिका काढली. खरंच तसं होतं. तिघांनीही न वाचताच इमारत बांधून टाकली होती.

"मग तुम्ही काय लिहिलं, भाऊ?"

"काय लिहीन? शेरा मारला अन् परत केला."

आमच्या खात्यात तशी पद्धतच होती. कंत्राटदाराच्या नकाशात चूक दिसली की ओव्हरसियरने त्यावरच लिहायचं, "चूक दुरुस्त करून पुन्हा सादर करावे", आणि नकाशा परत. भाऊंनी दहा-बारा वर्षांच्या सवयीने परीक्षकालाही तेच, इंग्रजी पेपरात मराठीतून, लिहून दिलं होतं.

वानखडेने हळूच विचारलं, "अन् सही?"

"केली ना. तारीख बी टाकली."

जोशीने प्रश्नपत्रिकेचं पहिलं पान भाऊंसमोर धरलं. उत्तरपत्रिकेवर फक्त नंबर लिहायचा, नाव किंवा सही दिसली तर पेपर रद्द, हे पहिल्याच पानावर छापलेलं होतं. शेवटची संधी, आणि भाऊ सही ठोकून आले होते. मला रडूच आलं. भाऊ म्हणाले, "काहून रडून राहिली ताई? प्रश्न चूक आहे का नाही?" पण त्यांचाही चेहरा उतरला होता.

दोन दिवसांनी तोंडी परीक्षा होती. पेपर काढणारे साहेब स्वतः पुण्याहून आले होते. भाऊंचा नंबर आला. दार अर्धवट उघडं होतं, आणि आम्ही तिघं लाजलज्जा सोडून दाराला चिकटलो. साहेबांसमोर भाऊंची उत्तरपत्रिका उघडी होती.

"हा शेरा तुमचा?"

"हाव साहेब."

"आणि ही सही?"

"माहीच आहे."

"उत्तरपत्रिकेवर सही केली तर काय होतं, माहीत आहे ना?"

"पेपर रद्द होते साहेब." भाऊ सरळ उभे राहिले. "पण बिनसहीचा शेरा आमच्या खात्यात कोणी मानत नाही."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, भाऊंच्या सहीखाली लिहिलं, "शेरा मान्य", आणि त्याखाली स्वतःची सही केली, तारखेसकट.