सरकारच्या दारी उखाणा

बहादरपूरच्या सोजरबाईने अर्धं गाव जगात आणलं होतं. सुईण म्हणून तिला कुणी नेमलं नव्हतं; हातगुण चांगला, म्हणून बाया बोलावत. अडलेल्या बाईला मात्र बैलगाडीत घालून बुऱ्हाणपूरला न्यावं लागे. वाटेत दोघी गेल्या, आणि त्या तिला कधी विसरता आल्या नाहीत.

एकोणीसशे सदतीस साली कौन्सिलातले जुने मेंबर थकले, पुन्हा उभे राहिले नाहीत. जागा मोकळी झाली. एकीकडे जिनिंगवाले भाईदासशेठ, त्यांची मतांची पेटी पिवळी. दुसरीकडे श्रीकांत वकील, त्यांची लाल. वकील म्हणाले, गावात बाळंतपणाचा दवाखाना आणीन. सोजरबाईचं तिथेच ठरलं. नवरा उखर्डू मोठा शेतकरी, म्हणून सरकारने त्याच्या बायकोलाही मताचा हक्क दिला होता.

"शेठ आपला कापूस घेतात. पिवळ्यातच टाकजो," उखर्डूने बजावलं. सोजरबाई हूं म्हणाली. हूं म्हणायला काय जातं?

मतदानाच्या दिवशी बुऱ्हाणपूरच्या शाळेत अनंत मास्तर मतदारांची यादी घेऊन बसले होते. यादीत बायांची नावंच नव्हती. 'अमक्याची बायको' एवढंच.

"नवऱ्याचं नाव सांगा."

झालं! रांगेतल्या पुढच्या दोघी लाजून चूर झाल्या आणि मत न देताच परत फिरल्या. सोजरबाईचा नंबर आला.

"मालकाचं नाव असं कसं घेऊ, भाऊ? बाहेर उभे हायेत, त्याह्यले पुसा ना!"

"तुम्हीच सांगायला हवं, बाई. नाहीतर बाजूला व्हा."

सोजरबाई जागची हलली नाही. दवाखाना असा दारातूनच परत जाणार? मग तिला सुचलं. लग्नात, डोहाळजेवणात आपण नाव घेतोच की! तिने पदर सारखा केला आणि खणखणीत आवाजात म्हटलं:

"तापीच्या काठी कपाशी फुलली भारी,
उखर्डूरावांचं नाव घेते सरकारच्या दारी!"

मास्तरांच्या हातातला टाक थांबला. मग ते हसले आणि त्यांनी मताची चिठ्ठी दिली. सोजरबाईने ती लाल पेटीत टाकली. परत फिरलेल्या दोघीही धावत आल्या, आणि दुपारभर शाळेत लग्नघरासारखे उखाणे चालले. मास्तरांनी एकीलाही अडवलं नाही.

उखर्डूची छाती फुगली होती. अख्ख्या शाळेत त्याचं नाव गाजलं होतं. गाडी जुंपताना त्याने विचारलं, "शेठच्याच पेटीत टाकलं ना?"

"नाव तुमचं घेतलं," सोजरबाई गाडीत ऐसपैस बसत म्हणाली, "मत माह्यं देलं."

बहादरपूर येईपर्यंत उखर्डू फक्त बैलांशी बोलला.