दारावर गोळी लागत नाही

माझ्या धाकट्या भावाने केलेल्या गेमला कुणी नावं ठेवली, की माझं डोकं सणकतं. भाऊ असता तर हसून म्हणाला असता, लोकांनी खेळून बघितलं हेच खूप झालं. पण तो आता नाही, आणि त्याच्या वाटचं हसणं मला जमत नाही.

आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, सिटी सेंटर भागातल्या एका ऑफिसात मी नोकरी करते. संध्याकाळी माधवगंजला घरी आले, की चपला काढते, चहा टाकते आणि फोनवर त्याचा गेम जिथे विकायला ठेवला आहे ते पान उघडते. खाली लोकांनी आपापली मतं लिहिलेली असतात. कुणी इंग्रजीत लिहितं, कुणी इंग्रजी अक्षरांतल्या हिंदीत, एखादा भलत्याच लिपीत. त्याचा अर्थ फोनच सांगतो. मग मी ते सगळं आईला मराठीत सांगते. घरात मराठीच बोलायची हा आईचा जुना दंडक आहे. तिची स्वतःची मराठी हिंदीत किती भिजली आहे हे मात्र तिच्या गावीही नाही.

गेम जुन्या वळणाचा आहे. आमच्या लहानपणी टीव्हीला जोडायचा एक डबा असे. त्यात पिवळी कॅसेट खुपसायची, चालली नाही तर तिच्यात फुंकर मारायची, आणि मग पडद्यावर एक माणूस बंदूक घेऊन पळत सुटायचा. वाटेत येईल त्याच्यावर गोळ्या झाडायच्या, खड्ड्यांवरून उड्या मारायच्या, बस. आम्ही दोघं दोन रिमोट घेऊन बसत असू. मी कायम आधी मरायची आणि मग त्याच्या कानाशी बसून ओरडत राहायची. मोठेपणी, दिवसभराची नोकरी सांभाळून, त्याने तसाच एक गेम स्वतः केला. लाल पागोट्याचा एक शिपाई लढाईहून घरी निघाला आहे. बीहडातून, इकडच्या त्या मातीच्या घळींतून, पळतो, किल्ल्याच्या भिंतीवर चढतो, आमच्या इथल्या खासगी बाजारासारख्या एका चिंचोळ्या गल्लीतून शत्रू टिपत पुढे जातो, आणि शेवटी एका दाराशी पोचतो. दख्खनेतून शिपाईगिरी करत इकडे आलेल्या घराण्यातला मुलगा दुसरं काय करणार, म्हणून मी त्याला चिडवलं होतं.

गेम लोकांपुढे आला आणि थोड्याच दिवसांत त्याला डेंगू झाला.

आता ती मतं. एकाने लिहिलं, पळताना मागची टेकडी हळूहळू सरकते ते पाहून शाळेतले दिवस आठवले. हे मी आईला दोनदा वाचून दाखवलं. एकाला गोळ्यांचा आवाज झकास वाटला. दुसऱ्याने लिहिलं की उडी जड आहे, शिपाई पोत्यासारखा खाली येतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढी बंदूक घेऊन तू मारून दाखव उडी, असं लिहायला घेतलं होतं, पण आईने फोन बाजूला ठेवायला लावला. "त्यानं पैशे देऊन घेतलाय ना, बोलू दे त्याला," ती म्हणाली.

सगळ्यात जास्त लोक लिहीत होते की गेम फार छोटा आहे. आत्ता कुठे रंगात येत होता आणि संपला, अजून चालायला हवा होता. हे वाक्य मी वाचलं तेव्हा आई मटार सोलत होती. तिचे हात थांबले. "हो ना," एवढंच ती म्हणाली आणि पुन्हा सोलायला लागली. त्या दिवसापासून 'छोटा आहे' ही मतं मी गाळायला लागले.

पण एक मत गाळता येण्यासारखं नव्हतं, कारण ते जवळजवळ प्रत्येकाचं होतं. शेवट अर्धवट आहे. शिपाई दाराशी येतो, दार वाजवतो, आणि पुढे काही होतच नाही. दारावर गोळी लागत नाही. बॉम्बने फुटत नाही. वर चढायला जागा नाही. कुणी लिहिलं, बनवणारा कंटाळला असावा. कुणी लिहिलं, हा दोष आहे, दुरुस्त करा. मीही तिथवर पोचले होते, बऱ्याच दिवसांच्या खटपटीनंतर, आणि मीही त्या दारावर सगळ्या गोळ्या संपवल्या होत्या. दार ढिम्म हललं नाही.

मला हे इतकं का लागलं ते सांगायला हवं. दहाव्याच्या दिवशी पिंडाला कावळा शिवला नाही. भिंतीवर बसला होता, मान वाकडी करून बघत होता, पण खाली येईना. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. मामा म्हणाले आईची काळजी घेऊ म्हणून सांग, मी सांगितलं. आत्या म्हणाली बहिणीचं लग्न, तर मामांनी तिला डोळ्यांनीच गप्प केलं. मग त्याच्या ऑफिसातला मित्र हळूच म्हणाला, "दीदी, गेम का बोलिए." आणि मी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, "तुझा गेम राहिला असेल तर मी पुरा करीन." कावळा उडून गेला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

घरी येताना रिक्षात आई म्हणाली, "तो बाहेरच राहिला गं." मला वाटलं ती कावळ्याबद्दल बोलते आहे.

ती बोलत होती दुसऱ्याच गोष्टीबद्दल, आणि ती मला माहीत असायला हवी होती. आमच्याकडे दुरून किंवा आजारातून उठून माणूस घरी आला, की त्याला उंबऱ्याबाहेर थांबवतात. त्याच्या पायांवर पाणी घालायचं, डोळ्यांना पाणी लावायचं, भाकरीचा तुकडा त्याच्यावरून ओवाळून लांब फेकायचा, आणि मग त्याला आत घ्यायचं. भाऊ इंदूरला शिकायला होता तेव्हा दर सुट्टीत हे होई. दार वाजे आणि आई स्वयंपाकघरातून आवाज देई, थांब, आली. तिचे गुडघे तेव्हापासूनच दुखरे. ती तांब्या घेणार, भाकरीचा तुकडा शोधणार, उजव्या पायावर भार देत देत दारापर्यंत येणार. तोवर हा बाहेर बॅग घेऊन उभा. समोरच्या घरातल्या बायका हिंदीभाषी; त्या गॅलरीत येऊन बघत. एकदा एकीने विचारलंही होतं, "इनके यहाँ लड़का घर आए तो रोटी मारके भगाते हैं क्या?"

"आई, यार, अंदर तो आने दे, सगळा मोहल्ला देख रहा है," तो वैतागून म्हणायचा.

"थांब म्हटलं ना. देर लागते माणसाला."

तो थांबायचा. कितीही चिडला तरी उंबरा ओलांडून आला नाही.

डेंगूतून तो बरा होत होता. सकाळी घरी सोडतो म्हणून हॉस्पिटलने सांगितलंही होतं. आईने पहाटे उठून बाजरीची भाकरी केली, तुकडा मोडून डब्यात ठेवला, तांब्या घासून दाराशी ठेवला. आणि हॉस्पिटलमधून मी फोन केला तो वेगळाच. त्याला आणलं तेव्हा खालच्या फरशीवरच ठेवलं. आमचा जिना अरुंद आहे, स्ट्रेचर वर येत नाही. तिथूनच त्याला नेलं. आई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून होती, तिचे दोन्ही हात रिकामे. असा आलेला माणूस ओवाळायचा नसतो. डब्यातला तुकडा पुढे कितीतरी दिवस तसाच होता. तो काढायला मला धीर झाला नाही आणि आईलाही.

असं सगळं असताना जगभरातले अनोळखी लोक रोज मला सांगत होते की तुझ्या भावाचं काम अर्धवट आहे. मला ते खरं वाटत होतं, आणि त्याचंच दुःख जास्त होतं. तो घाईने गेला, शेवट करायचा राहिला, म्हणूनच कावळा आला नाही. मी बोलून बसले होते की पुरा करीन, आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

मग त्या मित्रालाच बोलावलं. चांगला मुलगा आहे, भावाबरोबर एकाच टेबलावर बसायचा. तो म्हणाला, दीदी, दार उघडेल असं करतो, मागे खजिना ठेवू, वर दिवाळीसारखे अनार सुटतील, लोक खूश होतील. मला अनार ऐकूनच कसंतरी झालं, पण मी हो म्हणाले. रविवारी दुपारी तो लॅपटॉप घेऊन आला. शेवट नेमका कसा अडतो ते आधी नीट बघू म्हणून त्याने तो टीव्हीला जोडला.

आईने तोवर गेम कधी पाहिला नव्हता. नुसती मतं ऐकली होती. पाहवणार नाही म्हणायची. त्या दिवशी मात्र ती लसणाची ताटली घेऊन खुर्चीवर येऊन बसली आणि बघत राहिली. मित्राचा हात चांगला आहे. बीहड गेलं, किल्ला गेला, गल्ली गेली. आणि शिपाई दाराशी आला.

शिपायाने दार वाजवलं. मित्राने सवयीने गोळ्या झाडायला सुरुवात केली.

"अरे, अरे!" आई एकदम ओरडली. "दारावर गोळ्या काय मारतोस? घर आहे ते कुणाचं तरी!" मग तो मराठी नाही हे आठवून म्हणाली, "घर है बेटा. दरवाज़ा बजाया ना? अब रुक. अंदर वाले को आने में टाइम लगता है."

"आंटी, रुकने से कुछ नहीं होता," तो हसत म्हणाला, पण त्याने रिमोट गादीवर ठेवला. कदाचित तिच्या मनासाठी.

आम्ही थांबलो. पडद्यावर काहीच होत नव्हतं. शिपाई उभा होता, त्याचं पागोटं वाऱ्याने जरा हलत होतं. मी मध्ये काहीतरी बोलायला गेले तर आईने हात केला. बराच वेळ गेला. खेळणारा माणूस एवढा वेळ थांबणं शक्यच नाही. त्याची बोटं शिवशिवणार, तो उडी मारणार, गोळी झाडणार. मीही तेच केलं होतं. मला, या घरात वाढलेल्या मुलीला, सुचलं नव्हतं.

मग दार उघडलं.

आतून एक बाई आली. बोटभर उंचीची, चौकोनी ठिपक्यांची, निळ्या साडीतली. एका हातात तांब्या. उजव्या पायावर भार देत, डुलत, ती उंबऱ्यापर्यंत आली. तिने शिपायाच्या पायांवर पाणी घातलं. डोळ्यांना हात लावला. काहीतरी लहानसं त्याच्यावरून ओवाळलं आणि लांब फेकून दिलं. ते पडद्याच्या बाहेर गेलं. शिपायाच्या हातातली बंदूक नाहीशी झाली. बाई बाजूला झाली, तो आत गेला, दार लागलं आणि खिडकीत दिवा दिसला. पुढे काही नाही.

मी आईकडे बघू शकले नाही. मित्र गोंधळला होता. "दीदी, ये रोटी थी? फेंकी क्यों?"

उत्तर आईने दिलं. "रास्ते में जो पीछे लगा हो, बेटा, वो बाहर रह जाए. लड़का अंदर आ जाए."

मग त्याने लॅपटॉपची वायर काढली आणि विचारलं, "तो अब इसमें क्या ठीक करना है?"

"कुछ नहीं," मी म्हणाले. मला रडू आवरेना. गेम पुरा होता. त्याने तो पुरा करूनच लोकांपुढे ठेवला होता. मी घाटावर भलतंच वचन देऊन बसले होते, आणि ते भलतं होतं हे कळून मला बरं वाटण्याऐवजी आणखीच पोरकं वाटलं, कारण त्याच्यासाठी करायला आता माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं. त्या पानावर शेवट अर्धवट असल्याची मतं अजून येतात. मी उत्तर देत नाही. काय सांगणार त्यांना, की थांबा?

मित्र गेल्यावर आई स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं रडायला गेली. पण थोड्या वेळाने भाकरी थापल्याचा आवाज आला. मी उठले नाही. तव्याचा वास आला, नळ सोडल्याचा आवाज आला, आणि मग ती तांब्या घेऊन, भिंतीला धरत, दाराकडे गेली.

"दार उघड गं," ती म्हणाली. मी उघडलं. बाहेर जिना, समोरची गॅलरी, दोरीवरचे कपडे. आईने उंबऱ्यापलीकडच्या फरशीवर पाणी घातलं. ओला हात जरा वर उचलला, त्याच्या उंचीएवढा. तुकडा ओवाळला आणि दारापुढच्या कठड्यावरून खाली गल्लीत फेकून दिला.

"देर झाली रे मला," ती म्हणाली, आणि त्याला आत यायला वाट म्हणून बाजूला सरकली.