साडूंची डोंगरातली उशी

उशी या वस्तूपायी माझ्या साडूंइतका संतापलेला माणूस साऱ्या पुणे जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. राजुरीत त्यांची शेती, शिवाय विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करण्याचे काम. पण नव्वदच्या दशकात आम्ही दोघे पाठीवर सॅक टाकून जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत हिंडू लागलो, तेव्हा मला कळले की या गृहस्थांचा खरा व्यवसाय रागावणे हाच आहे. दिवसभर तो राग एस.टी.वर, उन्हावर, सॅकच्या पट्ट्यांवर विखुरलेला असे. मुक्कामाची जागा आली की तो सगळा गोळा होऊन उशीवर येई. घरून उशी आणणे त्यांना मान्य नव्हते. माझ्या मेहुणीने, म्हणजे त्यांच्या पत्नीने, एकदा लहानशी उशी त्यांच्या सॅकमध्ये गुपचूप घातली, तर त्यांनी ती जुन्नरच्या स्टँडवर राजुरीच्या एका ओळखीच्या माणसाच्या हाती देऊन परत पाठवली. "घरची उशी घरी," ते मला म्हणाले. "डोंगरात उशी मिळवायची आसती, भाऊ."

मिळवायची, म्हणजे माझ्या सॅकमधून. नाणेघाटाच्या गुहेत आम्ही पहिल्यांदा राहिलो ते थंडीच्या दिवसांत. त्यांनी आधी स्वतःची पँट गुंडाळली, ती टणक निघाली म्हणून तिला शिव्या दिल्या. मग बूट टॉवेलात बांधून पाहिले, त्यांचाही उद्धार केला. आणि अखेर माझी सॅक जमिनीवर उलटी करून माझा एकुलता एक स्वेटर उचलला. मी म्हणालो, "अहो, मला तो अंगात घालायचा आहे."

"अंगात घातला तर ऊब एकट्यालाच. उशीत घातला तर दोघांचं भलं."

"दोघांचं कसं?"

"मी झोपलो तर तुमी झोपाल. न्हाईतर मी बोलत बसन."

मी दंडावर डोके ठेवून कुडकुडत पडलो. मी मोठ्याने रागावणारा माणूस नाही. मी रागावतो तो आतल्या आत, नीट जुळवलेल्या वाक्यांत, आणि तसा राग मला आठवडाभर पुरतो. लोक याला सौम्यपणा म्हणत, मीही बरीच वर्षे तसेच समजत होतो. तो भित्रेपणाचा एक नीटनेटका प्रकार आहे, हे कळायला फार काळ गेला. पुढच्या खेपेस त्या रागापोटीच मी पुण्याहून तोंडाने फुगवायची उशी विकत आणली. "डोक्याखाली टायर देता व्हय? मी काय ट्रॅक्टर हाय?" असे ओरडत त्यांनी ती इतक्या त्वेषाने फुगवली की शिवणीतून फाटली. वर मलाच सुनावले, "बगा! माल बी डुप्लिकेट आणला."

त्यांना तोडीस तोड राग आयुष्यात एकदाच भेटला, तो आहुप्याला. घोडेगावच्या गाडीने आम्ही संध्याकाळी तिथे उतरलो आणि देवळात सामान टाकतो तोच साडू नाहीसे झाले. परतले ते काखेत भाताच्या पेंढ्याचा भारा घेऊन. त्यांनी तो माझ्या चादरीत भरला, गाठ मारली, वर डोके टेकवून पाहिले, आणि तेवढ्यात पेंढ्याची मालकीण दारात उभी राहिली.

"ए पावण्या! बैलाचं खानं घिऊन डोकं कुठं ठिवतोस?"

"सकाळी परत देतो की, बाई."

"तुज्या डोक्याचं तेल लागल्यालं बैल खाईल व्हय रं?"

"न खायला काय झालं? चांगलं खोबरेल हाय!"

त्या बाईंनी त्यांना शेवटची काडी परत ठेवेपर्यंत उभे राहून झापले. मी मागे उभा राहून मनापासून सुखावत होतो, हे लपवत नाही. बैलाने मात्र तो पेंढा हुंगला आणि खरोखरच तोंड फिरवले. साडू रात्रभर त्या बैलावर धुमसत होते. "जनावराला काय कळतंय!" असे मधूनमधून अंधारात ऐकू येई.

पुढे दोन हजार सालानंतर त्यांच्या मानेने दगा दिला. हाताला मुंग्या येऊ लागल्या. नारायणगावच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की यापुढे उशी पूर्ण बंद, सपाट झोपायचे. डोंगराला मात्र त्यांची मनाई नव्हती. ती साडूंनी स्वतःच घालून घेतली. "उशी न्हाई, तर डोंगरात जाऊन करू काय? दगडं मोजू?" ते ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी भांडू लागले, मोटारींची कामे परत पाठवू लागले, आणि मग एक दिवस गप्पच झाले. मेहुणीने मला फोन केला. "दाजी, भांडत व्हते तवर बरं व्हतं. आता जेवनाला मीठ न्हाई घातलं तरी बोलत न्हाईत. त्यांना कुठंतरी घिऊन जावा."

मी त्यांना जवळजवळ ओढूनच हडसरला नेले. पायथ्याच्या देवळात त्यांनी चटई अंथरली आणि भिंतीकडे पाहत बसून राहिले. मी नेहमीसारखा दंड दुमडून आडवा झालो. मग त्यांनी वळून माझ्याकडे पाहिले.

"हे काय झोपणं हाय का राव? लाकूड पडल्यावानी! उठा!"

त्यांनी दोन्ही सॅक उलट्या केल्या. माझा स्वेटर गेला, मफलर गेला, कोरडे मोजे गेले. माझा जुना राग आतल्या आत पुन्हा वाक्ये जुळवू लागला. ते मात्र पँटचे पाय कुठून गुंडाळायचे, टॉवेल वर का घ्यायचा, हे पुटपुटत, प्रत्येक कपड्याला शिव्या घालत काम करत होते. इतक्या महिन्यांनी त्यांचा आवाज चढला होता. तयार झालेली उशी त्यांनी स्वतः माझ्या डोक्याखाली सरकवली.

ती भयंकर होती. मफलरची गाठ मानेत रुतत होती, पँटचे बटण कानात शिरत होते आणि सगळा ऐवज डावीकडे कलत होता. या असल्या वस्तूंवर हा माणूस इतकी वर्षे पडून राहिला, आणि मी त्याच्या सुखावर जळत आलो!

"कसं वाटतंय?" त्यांनी विचारले. आवाज अगदी खाली आला होता.

"झकास," मी म्हणालो.

ते सपाट जमिनीवर उताणे झाले आणि लगेच घोरू लागले. त्यानंतर आणखी काही वर्षे आम्ही हिंडलो. प्रत्येक मुक्कामी त्यांनी शिव्या देत माझ्यासाठी उशी रचली, आणि प्रत्येक सकाळी अवघडलेली मान चोळण्याआधी मी ते उठून बाहेर जाण्याची वाट पाहिली.