मांडूला वाढलेलं तूप

आधीच सांगून ठेवते. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. भूत, भानामती, करणी... यातल्या कशावर माझा काडीचाही विश्वास नव्हता आणि आजही नाही. त्यामुळे ‘ताई, तुम्हाला भास झाला असेल’ असं कॉमेंटमध्ये लिहिण्याआधी शेवटपर्यंत वाचा. भासाने हात भाजत नाही.

गेल्या सव्वीस जानेवारीला जोडून सुट्टी आली आणि आम्ही पुण्याहून देवासला गेलो. माझा नवरा अनिल आणि श्रीकांत भावजी पूर्वी पिंपरीच्या एका कारखान्यात बरोबर होते, मग भावजी आपल्या गावी देवासला परतले. त्यांची बायको किरण बदनावरची, माळवी घरातली. दोघंही इतकी अगत्यशील की पाहुण्याला लाज वाटावी. स्वतःची बेडरूम आम्हाला दिली आणि आपण हॉलमध्ये गाद्या टाकल्या. टेकडीवरून देवीचं दर्शन घेऊन आलो तर गरम पाणी काढून तयार. अनिल नुसतं ‘शेव छान आहे’ म्हणाला, तर निघताना दोन किलो बांधून द्यायचं ठरलंसुद्धा.

त्याच संध्याकाळी भावजींच्या काकूंचा इंदूरहून फोन आला. भावजींच्या आईंचं वर्षश्राद्ध पुढच्या महिन्यात होतं. काकूंचं म्हणणं — स्वयंपाकाला सोवळ्यातला आचारी बोलवा, किरणच्या हातचं वहिनींना, म्हणजे भावजींच्या आईंना, चाललं नसतं. फोन स्पीकरवर होता. किरण तिथेच पोळ्या लाटत होती.

खरं ते खरं, आईंना तिच्या हातचं कधीच चाललं नव्हतं. परजातीची सून ना! पंधरा वर्षं एका घरात राहून आईंची चूल वेगळी. शेवटच्या आजारातसुद्धा दूध-फळांवर राहिल्या. किरणच्या ताटात त्यांनी स्वतःच्या हाताने कधी काही वाढलं नाही, आणि हीच बाई आल्यागेल्याला आग्रह कर-करून वाढायची. मला असा संताप आला... पण गेलेल्या माणसाशी भांडणार कसं? मान खाली घालून बसलेल्या भावजींचाही रागच आला. किरण एवढंच म्हणाली, “जाऊ द्या वहिनी. मी पंधरा वर्षं वाट पाहिली, आता कोण वाढणार मला?”

दुसऱ्या दिवशी धारला पोहे-जलेबी खाऊन आम्ही मांडूला गेलो. किरणने पहाटे उठून दाल-बाफले केले होते. बाफला म्हणजे कणकेचा गोळा, आधी उकडलेला, मग भाजलेला. तो कुस्करून वर तुपाची धार हवी, नाहीतर घशाखाली उतरत नाही. जहाज महाल बघितला, मग रेवा कुंडाजवळ एका खुरासानी चिंचेखाली, म्हणजे आपल्या गोरखचिंचेखाली, सतरंजी टाकली. तिचं खोड एवढं जाड की आम्ही चौघं ओळीने पाठ टेकून बसलो तरी जागा उरली. डबे उघडले आणि किरणने कपाळाला हात लावला. तूप देवासला ओट्यावरच राहिलं होतं.

“पाहुण्यांना कोरडे बाफले... मेरी तो नाक कट गई,” म्हणाली. मी म्हटलं बरं झालं, माझं कोलेस्टेरॉल वाचलं. सगळ्यांना वाढून ती माझ्या शेजारी बसली.

भर दुपार होती. मी मान खाली घालून बाफला कुस्करत होते. तेवढ्यात किरणच्या ताटावर एक हात आला. म्हातारा, सुरकुतलेला, मनगटात झिजलेली सोन्याची पाटली, करंगळी वाकडी. हातात तुपाची वाटी. तूप तिच्या बाफल्यावर पडलं. मला वाटलं, शेजारच्या कुठल्या तरी मंडळींतल्या आजी असतील, इकडची माणसं अशीच. मग वाटी माझ्याकडे वळली. मी सवयीने ताटावर हात आडवा धरला, “नको हं,” म्हटलं, आणि तूप माझ्या हातावर पडलं. कढत! मी किंचाळले. वर पाहिलं तर समोर कोणी नाही. मागे तर झाडाचं खोडच होतं.

अनिल आसपासच्या सगळ्यांना विचारून आला. जवळ बसलेली कॉलेजची मुलं चिप्स खात होती, तूप कोणाकडेच नव्हतं. असतं तरी जानेवारीच्या थंडीत थिजलेलं असतं. माझ्या हातावर फोड आला होता.

किरण मात्र ताटाकडेच बघत होती. तुपात कुरकुरीत झालेला पानाचा तुकडा होता. विड्याचं पान. लोणी कढवताना पान आई घालायच्या, किरण घालत नाही. मी त्या हाताचं वर्णन केलं तेव्हा भावजी भर गर्दीत रडायला लागले. आईंची करंगळी दारात सापडून वाकडी झाली होती. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. घरी हार घातलेला फोटो आहे, पण तो फक्त चेहऱ्याचा, म्हणून ती शंका काढू नका.

किरणने तो बाफला रडत रडत संपवला. आपल्या तोंडचा घास पाहुण्याला देणारी ही बाई, पण त्यातला एक घास तिने कोणाला विचारला नाही.

घरी आलो तर ओट्यावर तुपाचा डबा तसाच, झाकण लावलेला, तूप थिजलेलं. किरणने स्वतःहून काकूंना फोन लावला. “काकू, आईंनी मला वाढलंय. आता सैंपाक मीच करणार. तुम्ही जेवायला या.” आवाज जरासुद्धा कापला नाही. पुढच्या महिन्यात काकू आल्या, तोंड वाकडं करून बसल्या, आणि आमटी दोनदा मागून घेतली. हे भावजींनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं.

अनिल अजून म्हणतो, कोणीतरी शेजारची बाई असेल. असेल तर शोधून आण म्हणावं. पण म्हणून त्या सासूबाईंना मी माफ केलंय असंही कोणी समजू नये. एवढं वाढायचं होतं, तर जिवंतपणी काय हात धरला होता कोणी?

माझ्या हातावर रुपयाएवढा डाग राहिलाय. डॉक्टरांनी डाग जायचं मलम लिहून दिलं. मी आणलं नाही.