मामंजींचा पाहुणा

आपल्या गावाइतके पाहण्यासारखे ठिकाण पृथ्वीच्या पाठीवर नाही, अशी पक्की खात्री असलेला माणूस मी एकच पाहिला, ते माझे थोरले मामंजी, सासऱ्यांचे वडीलभाऊ. कल्याणच्या बाजारापलीकडची पृथ्वी त्यांनी पाहिली नव्हती, ही गोष्ट वेगळी. कल्याणहून घाटाकडे जाणाऱ्या गाडीरस्त्यावर आमची खाणावळ. खाली ओसरी, वर उतरणाऱ्यांसाठी दोन खोल्या. पण नुसते जेवून कोणाला जाता येत नसे. आधी तळे, मग महादेवाचे देऊळ, मग देवळामागचा तोफगोळा, आणि मगच पान. तळे एका सरदाराने घोड्यासाठी बांधले, कारण तो घोडा दुसरीकडचे पाणी पीत नसे. तोफगोळा फिरंग्यांचा. खरे तर ती तालमीतल्या पोरांची उचलायची गोटी होती, पण मामंजींच्या तोंडी दरवर्षी फिरंगी वाढत आणि घोडा उंच होई. भुकेने कळवळलेले गाडीवान माना डोलावीत, आणि आत भात निवे. सासूबाई म्हणत, "भाऊजींची लढाई संपली की सांगा, मग आमटी परत तापवते."

दुसरा नेम असा, की पाहुणा जेवल्याखेरीज स्वतः जेवायचे नाही. गाड्यांची रीघ होती तोवर तो जड गेला नाही. पुढे आगगाडी घाट चढली आणि गाडीवान दिसेनासे झाले. रस्त्यावर गवत आले. वरच्या खोल्यांत आम्ही कांदे पसरले. मामंजी भर दुपारी रस्त्यावर जाऊन डोळ्यांवर हात धरून बघत, आणि परत येऊन म्हणत, आज कोणाला तरी उशीर झालेला दिसतो. दिवे लागले तरी पोटात अन्न नसे. अंगरखा खुंटीवर असावा तसा त्यांच्या अंगावर लोंबू लागला. सासूबाईंनी शपथा घालून पाहिल्या, रडून पाहिले.

शेवटी त्यांनी देवळातल्या गुरवालाच गाठले. तो मोठे पागोटे बांधून, खांद्यावर वळकटी टाकून घाटाच्या बाजूने आला आणि आपण नाशिककडचे म्हणून ओसरीवर टेकला. मामंजींची नजर तेव्हा अधू झाली होती, पण इतकी झाली होती का, हे मला अजून कळलेले नाही. सकाळी ज्या देवाला त्याने आंघोळ घातली, त्याच देवापुढे त्याला नेऊन उभे केले.

"देव जागृत आहे," मामंजी म्हणाले, "पण इथला गुरव आळशी. दिव्यात तेल घालायचे विसरतो."

"असतात अशी माणसे," पाहुणा म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून दिवा तुडुंब. गुरव कधी जुन्नरचा होऊन येई, कधी पैठणचा, आणि मामंजी चार घास खात. आपल्याच गावची एवढी माहिती आपल्याला नव्हती, असे तो मागल्या दारी सासूबाईंना सांगे.

भात कापणीच्या दिवसांत मामंजींनी अंथरूण धरले. पाहुणा येऊन ओसरीवर बसला, पण मामंजींना उठवेना. त्यांनी मला हाक मारली. "मुली, पाहुणा खोळंबलाय. तू सांग. दाराआड उभी राहून रोज ऐकतेस, तुला सगळे पाठ आहे."

परक्या पुरुषापुढे मी कधी शब्द काढला नव्हता. दाराची चौकट धरली आणि जमिनीकडे बघत तळ्यापासून सुरुवात केली. घोड्यापाशी आले तसा आतून बारीक आवाज आला, "पांढरा घोडा." मी पांढरा म्हटले. पाहुणा जेवला. मग मामंजींनी माझ्या हातून दोन घोट पेज घेतली. त्यानंतर त्यांनी काही घेतले नाही.

त्यांचे वर्षश्राद्ध होऊन गेले. गुरवाला आता यायचे कारण नाही. तरी एखाद्या दुपारी तो ओसरीच्या कडेला येऊन बसतो. पागोटे नसते, वळकटी नसते. रस्त्याकडे बघत विचारतो, ह्या गावात पाहण्यासारखे काय आहे म्हणून.

मी दाराआड उभी राहते आणि तळ्यापासून सांगू लागते. आत भात निवतो. सासूबाई आमटी परत तापवायला ठेवतात.