कठड्यातली फट

शाळेतल्या शिपाईबाईंना सगळेच मावशी म्हणतात. या मावशीला मात्र शिक्षक पाठीमागे 'तोफ' म्हणत, आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं. "तोफ तर तोफ, निदान फुसका बार तरी नाही," असं ती शिक्षकांच्या खोलीत चहाचे कप गोळा करता करता सुनवायची.

तोफेला दारूगोळा कुठून मिळाला, तेही सांगून टाकते. मावशी चौथीत असताना तिच्या शाळेला लागूनच दारूचं दुकान होतं. बाप तिला दप्तरासकट तिथे पाठवायचा, बाटली आणायला. एके दिवशी शाळा सुटली तेव्हा बाप फाटकातच आडवा पडलेला. पोरी त्याला ओलांडून घरी गेल्या. दुसऱ्या दिवसापासून मावशीने शाळेत पाऊल टाकलं नाही. पुढे शिपाई म्हणून शाळेतच नोकरी मिळाली, पण चौथी ती चौथीच राहिली. अक्षर लावत लावत वाचायची, त्यामुळे चारचौघांत वाचायची लाज वाटायची. सही तेवढी झोकदार करायची.

आता या शाळेकडे वळू. समोर मोठा रस्ता, पलीकडे वह्या-पुस्तकांचं दुकान. सुटी झाली की पोरं मोकाट धावत सुटायची. पहिलीतल्या एका मुलीचा पाय ट्रकखाली गेला, तेव्हा तिला उचलून दवाखान्यात मावशीनेच नेलं. त्यानंतर तिने रस्त्यांच्या कचेरीचे उंबरे झिजवले. अकरा खेपांनंतर एकदाचा रस्त्याच्या मधोमध लोखंडी कठडा उभा राहिला. पलीकडे जायचं तर कोपऱ्यावरच्या सिग्नलपर्यंत जायचं, रस्ता ओलांडायचा आणि तेवढंच मागे यायचं. पोरं कुरकुरली. मावशी म्हणाली, "चाला मेल्यांनो, पाय शाबूत आहेत तर!"

पुढे म्हाताऱ्या दुकानदाराने पुस्तकांचं दुकान मिटवलं आणि एका शेठने ते भाड्याने घेतलं. शेठ बारा महिने हसरा. मयताला गेला तरी हसेल, असा चेहरा. तो आल्यावर आठवड्याभरात एक साहेब टेप घेऊन फाटकाशी आला. टेपचं टोक धरायला कुणीतरी हवं होतं.

"कसली मोजणी, साहेब?"

"अंतराची, मावशी. रस्ता ओलांडायचं अंतर."

मावशीला वाटलं, चला, सिग्नलपाशी पांढरे पट्टे मारणार! पट्ट्यांसाठीही तिने अर्ज केलेला होता. तिने टेपचं शून्याचं टोक फाटकाच्या खांबाला असं घट्ट धरून ठेवलं की साहेब खूश झाला. मग पंचनाम्याचा कागद पुढे आला. "शाळेतर्फे कुणाची तरी सही हवी." मावशीने कागदावरून नुसती नजर फिरवली आणि खाली झोकदार सही ठोकली.

महिन्याने समोरच्या शटरवर नोटीस लागली. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, ती वाचून दाखवली. दारूच्या दुकानाच्या परवान्यासाठी अर्ज आहे, हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळवा. शाळेपासून शंभर मीटरच्या आत दुकान नको, असा नियम. अंतर मोजायचं ते माणूस चालत जातो त्या वाटेने. आणि पंचनाम्यात अंतर भरलं होतं एकशे बासष्ट मीटर. का? तर मध्ये कठडा! सिग्नलला वळसा घालूनच जावं लागतं ना!

"मावशी, अहो सही कशाला केलीत?" मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला.

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेठवर, साहेबावर, आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर. कठडा आपण आणला, टेप आपण धरला, सही आपण केली. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा, आणि तोही अकरा खेपा घालून मागवलेला!

दुसऱ्या दिवशी ती मोठ्या बाईंना घेऊन परवान्याच्या कचेरीत धडकली. समोर तोच टेपवाला साहेब.

"शाळेच्या फाटकात उभं राहिलं की त्या दुकानातल्या बाटलीवरचं लेबल दिसेल, आणि तुम्ही म्हणता लांब आहे?"

"दिसण्याचा नियम नाही, मावशी. चालण्याचा आहे. कठड्यातून माणूस जात नाही."

"दारूसाठी माणूस कठडाच काय, बायकोचं मंगळसूत्र ओलांडून जातो! तुम्हाला कुणी सांगितलं जात नाही म्हणून?"

कचेरीत हशा पिकला. मावशी हसली नाही. साहेब ओशाळला आणि हळूच म्हणाला, "वाट बदलली तर पुन्हा मोजावं लागेल. फाटकासमोर कठड्याला फट पडली, तर तीच वाट."

म्हणजे काय, तर कठडा तोडायचा! त्या रात्री मावशीला घास गेला नाही. डोळ्यांपुढे एकीकडे ट्रकखालची पोर, दुसरीकडे फाटकात आडवा बाप. असला कसला हा नियम, की एका पोरीला वाचवायचं तर दुसरीला दारूच्या दारात उभं करायचं? कुणी बसून लिहिला असेल तो? त्याची पोरं कुठल्या शाळेत जातात?

सकाळी ती रस्त्यांच्या कचेरीत, बाराव्यांदा. तिथला कारकून म्हणाला, "फट देऊ, पट्टे मारू. पण शाळा भरताना आणि सुटताना तिथे माणूस उभा राहील, अशी लेखी हमी हवी. माणूस नसला की फट बंद."

"मी उभी राहते."

कारकुनाने कागद पुढे सरकवला. या वेळी मावशी खुर्ची ओढून बसली. एकेका अक्षरावर बोट ठेवून, मोठ्याने, अडखळत तिने सगळा कागद वाचला. मागे रांग खोळंबली. कुणीतरी म्हणालं, "मावशी, आटपा की." ती म्हणाली, "चाळीस वर्षं थांबलेय मी, तू चाळीस मिनिटं थांब." 'उक्त इसम' म्हणजे आपणच, हे कारकुनाला विचारून घेतलं, मग सही केली. हमी पोहोचली आणि आठवड्यात फट पडली, पट्टेही आले.

मोजणी पुन्हा झाली. शून्याचं टोक पुन्हा मावशीच्याच हातात. अडतीस मीटर! परवान्याचा अर्ज फेटाळला गेला.

शेठ तेव्हाही हसला. दुकान त्याने सोडलं नाही, कुलूप लावून ठेवलं. मावशीची नोकरी दोन वर्षांनी संपणार, हे त्याने शोधून ठेवलेलं होतंच; ती गेली की फट बंद.

नोकरी संपली त्याला आता चार वर्षं झाली. शाळेत नवीन मावशी आली, पण घंटा आणि फाटक सोडून तिला हलता येत नाही. जुनी मावशी रोज दोन वेळा लाल झेंडी घेऊन फटीत उभी असते. गुडघ्याला पट्टा, तोंडाचा पट्टा वेगळाच. "ए बस! दिसत नाहीत पोरं? डोळे घरी ठेवून आलास?" मोठ्या बाईंनी हमीवर दुसऱ्या माणसाचं नाव घालण्यासाठी तीन अर्ज केले. माणूस मंजूर होत नाही. कायद्याने जे राखायचं, ते एका म्हातारीच्या गुडघ्यांवर टाकून सगळ्या कचेऱ्या मोकळ्या झाल्या, आणि कुणाला त्याची लाज नाही.

परवा शेठ तिच्याजवळ आला. हसतच. त्याच्यामागे टेप घेतलेला एक नवा साहेब.

"मावशी, वय झालं. उन्हातान्हात कशाला? घरी बसा आता. तुमच्यामागून बघतील लोक."

मावशीने झेंडी काखेत मारली, साहेबाच्या हातातलं टेपचं टोक ओढून घेतलं आणि फाटकाच्या खांबाला लावलं.

"मोजा. मी उभी आहे तोवर अडतीसच भरणार. आणि शेठ, ती सही मी वाचून केलेली आहे."